शून्य किलोमीटरची विहीर

तमाम ग्रामस्थ, बंदरावरचे खलाशी, रिक्षावाले, तसेच रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करणाऱ्या म्हशी यांना अत्यंत जबाबदारीने व जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या खाडीवरच्या बंदरापासून तालुक्याच्या गावापर्यंत जाणारा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता हा साधासुधा रस्ता नसून राज्यमार्ग आहे. त्याला सरकारी नंबर आहे. हिरवी पाटी आहे. पाटी नीट वाचून होईपर्यंत राज्यमार्ग संपतो, हा भाग वेगळा.

या राज्यमार्गाच्या तालुक्याकडच्या टोकाला मी राहतो. कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि अर्ज टाईप करून देण्याचं दुकान आहे. दुसऱ्या टोकाला, जिथे शून्य आकडा कोरलेला दगड उभा आहे, तिथे माझा मामा राहतो. मामा आणि मामी, दोघंच. मूलबाळ नाही. मूल म्हणजे मी, आणि मला पन्नाशी उलटून गेली.

मामा मैलकुली होता. ही जात आता संपली, म्हणून सांगतो. पूर्वी रस्त्याच्या ठराविक तुकड्याला एक माणूस नेमलेला असायचा. खड्डा दिसला की मुरूम टाक, कडेचं गवत काप, पावसाआधी मोऱ्या साफ कर, झाडांना चुना आणि गेरू मार. खांद्यावर फावडं, डोक्यावर घमेलं. मामाने आयुष्यभर शून्यापासून तिसऱ्या किलोमीटरपर्यंत चालत नोकरी केली. गणित केलं तर मामा पृथ्वीला फेरी मारून आला असेल, पण तालुक्याच्या पलीकडे गेलेला मला आठवत नाही. आमच्याकडची पोरं मांडव्याला जाऊन बोट धरतात नि तासाभरात मुंबईला उतरतात. मामा म्हणायचा, "तिकडचा रस्ता कोन बघतो? मग कशाला जायचं?"

त्याला अभिमान दोन गोष्टींचा. एक रस्ता. दुसरी त्याच्या दारातली विहीर.

त्या विहिरीबद्दल बोलायचं तर मला उभं राहावं लागेल. चारी बाजूंनी खारं पाणी. समोर खाडी, मागे नाला, पावसाळ्यात हवासुद्धा चाटली तर खारट लागेल अशी जागा. आणि मध्ये ही दगडी बांधणीची विहीर, पाणी शहाळ्यासारखं. लाँचमधून उतरलेला माणूस आधी मामाच्या ओट्यावर यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि मगच रिक्षात बसायचा. समुद्रात जाणाऱ्या होड्या त्यांची पिंपं इथेच भरायच्या. मामी रहाटावरून पोहरा ओढता ओढता प्रत्येकाला विचारायची, "कुनाकडचा रं तू?" तिला बसल्या जागी अख्ख्या किनाऱ्याची सोयरीक पाठ झाली होती. मामाने कधी कुणाला पाण्याला नाही म्हटलं नाही. एवढंच, की पाणी पिऊन झाल्यावर "कसं हाय?" असं विचारायचा, आणि पिणाऱ्याने "अमृत" म्हणेपर्यंत त्याच्या हातातला तांब्या परत घ्यायचा नाही.

आता या विहिरीची गोडी कशावर टिकून होती, ते सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी मागच्या नाल्यातून चढायचं आणि मामाच्या घरामागच्या सखल जागेत पसरायचं. नाल्याच्या तोंडाशी उंचवटा असल्यामुळे आल्या वाटेने ते परत जायचं नाही. त्याला परत जायची एकच वाट होती: शून्याच्या दगडापासून चाळीस पावलांवर रस्त्याखालून जाणारी जुनी दगडी मोरी. ओहोटी लागली की दोन तासांत सगळं पाणी त्या मोरीतून खाडीत उतरायचं. विहिरीला कळायचंसुद्धा नाही. महिन्यात दोनदा उधाण, दोनदा मोरी, असं मामाच्या आज्यापासून चाललेलं. मोरी तुंबली की संपलं, हे मामा जाणून होता. म्हणून बाकीच्या मोऱ्या तो वर्षातून एकदा साफ करायचा आणि ही दर पंधरवड्याला.

मामा निवृत्त झाला आणि खात्याने त्याच्या जागी कुणाला नेमलं नाही. रस्ता ठेकेदाराकडे गेला. निवृत्त झाल्यावरही मामा रोज सकाळी फावडं घेऊन निघायचा. लोक म्हणायचे, पगार न्हाय नि राबतोस कशाला? मामा म्हणायचा, "तुमी बायकोला पगार देता व्हय?" मामी आतून ओरडायची, "बायको बी रिटायर होते, सांगा त्यांना!"

मग एका उन्हाळ्यात बातमी आली की राज्यमार्ग सिमेंटचा होणार. रुंद होणार, उंच होणार. मोजणीला साहेब येणार, अमुक वारी, शून्य किलोमीटरपासून सुरुवात.

मामाचा फोन आला. "भाचेबुवा, साहेब येनार हायत. एक गोणी चुना, गेरू नि दोन मोठे कुंचे घेऊन ये. आजच्या आज."

वाचकहो, इथे मी तुमच्यासमोर आरोपी म्हणून उभा राहतो. मी आनंदाने गेलो. दुकान बंद करून, शीळ घालत गेलो. साहेब येणार म्हणजे रस्ता नटवायचा, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. मामाच्या नोकरीत वर्षातून दोनदा साहेब यायचे, आणि ते यायच्या आदल्या दिवशी झाडं, कठडे, दगड, मोऱ्या सगळं पांढरंशुभ्र व्हायचं. साहेबाला डाग दिसता कामा नये. डाग दिसला तर मेमो. मामाला अख्ख्या नोकरीत एकही मेमो नव्हता.

त्या मोरीच्या दगडांना आतून कालवं चिकटलेली होती. पिढ्यान्‌पिढ्यांची. ज्या दगडावर भरतीचं पाणी येतं तिथेच कालवं धरतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय पाणी जिथवर चढायचं तिथवर काळपट हिरवी रेघ होती, फूटपट्टीने मारल्यासारखी. मामा पहार घेऊन मोरीत शिरला आणि एकेक कालव खरवडून काढलं. मी काथ्याने ती हिरवी रेघ घासली. तळाचा चिखल उपसून वर वाळू पसरली. मग चुन्याचे दोन हात. मग गेरूची किनार. मी तर उत्साहाच्या भरात कठड्यावर मोरीचा क्रमांक रंगवला आणि खाली एक नक्षीदार बाणही काढला. मामी बघायला आली नि म्हणाली, "अगो बाय! ह्या मोरीचं लगीन हाय का?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण मुलगा, घाटावरचा, खाडी आयुष्यात पहिल्यांदा बघणारा. तिथी अष्टमी. भांगाचं पाणी, म्हणजे महिन्यातलं सगळ्यात मेंगळट पाणी. ते नाल्यापर्यंतही चढत नाही. मोरी ठणठणीत कोरडी. साहेबाने वाकून आत बघितलं. देवळाचा गाभारा बघावा तसं बघितलं.

"वा बाबा! नवीच दिसते की."

"साहेब, माझ्या आज्याच्या वेळची हाय," मामा छाती काढून म्हणाला.

साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो प्रश्न विचारला. अगदी सरळ विचारला बिचाऱ्याने.

"इथे पाणी वगैरे येतं का?"

मामाने आयुष्यभर या प्रश्नाचं एकच उत्तर पाठ केलं होतं. रस्त्यावर पाणी आलं म्हणजे मैलकुलीचा कामचुकारपणा. त्यामुळे मामा ताठ झाला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "साहेब, माझ्या रस्त्यावर पानी कधी आलं न्हाय आनि येनार न्हाय."

शब्दन्‌शब्द खरा. आणि मी, जो गावच्या नाटकात दुसऱ्याची वाक्यं चुकली की विंगेतून दुरुस्त करतो, तो मी शेजारी उभा राहून कौतुकाने मान डोलावत होतो. साहेबाने मोबाईलवर फोटो काढला. मी एका हातात कुंचा धरून दुसऱ्याने केस सारखे केले.

पुढच्या हिवाळ्यात रस्ता झाला. मोरीच्या दोन्ही तोंडांत दगडमाती भरून वरून सिमेंट ओतलं. मामा त्या आठवड्यात न्युमोनियाने तालुक्याच्या दवाखान्यात पडून होता. मामी त्याच्या उशाशी. मी दोघांना डबा पोचवत होतो आणि मामाला रोज रस्त्याची प्रगती वर्णन करून सांगत होतो. मोरी बुजली हे माझ्या लक्षातच आलं नाही. मामाच्या बंद घराला चक्कर मारायला जाताना मी वरचं गुळगुळीत सिमेंट बघत होतो. खाली कोण बघतो?

घरी आल्यावर मामा काठी टेकत टेकत रस्त्यावर गेला. आधी हाताने सिमेंट चाचपलं. "आरशासारखा झालाय रं," म्हणाला. डोळ्यांत पाणी. मग चाळीस पावलं चालला, कठडा शोधायला लागला. कठडा नव्हता. काठीने तो बराच वेळ रस्त्याची कड ठोकत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाचेबुवा, पानी जानार कुठून?"

पाणी कुठूनच गेलं नाही. लगेचच्याच उधाणाला ते नेहमीसारखं मागून चढलं आणि नेहमीसारखं परत निघालं तर पुढे राज्यमार्ग भिंतीसारखा उभा. पंधरवडाभर ते घरामागे थांबून राहिलं. ते जिरायच्या आत पुढचं उधाण आलं. दसऱ्यापर्यंत मामीची तोंडली, अळू, केळी सगळं जळून गेलं. आणि एक दिवस सकाळी मामाने नेहमीप्रमाणे चूळ भरून तांब्या तोंडाला लावला आणि पाणी थुंकलं.

आम्ही पंप लावून विहीर दोनदा रिकामी केली. पहिल्यांदा गढूळ पाणी आलं, मग नितळ आलं. नितळ आणि खारं. होड्यांनी पिंप भरायचं बंद केलं. लाँचमधून उतरणारी माणसं ओट्यासमोरून मान खाली घालून रिक्षाकडे जायला लागली. ते मामाला जास्त लागलं.

मी मामाच्या नावाने अर्ज टाईप केले. अकरा. "विषय: बुजविलेली मोरी पुन्हा उघडून मिळणेबाबत." चौथ्या अर्जाला उत्तर आलं की सर्वेक्षणाच्या वेळी सदर मोरीत पाण्याच्या कोणत्याही खुणा आढळल्या नाहीत, पुरावा म्हणून छायाचित्र सोबत जोडले आहे. छायाचित्रात पांढरीशुभ्र मोरी होती, गेरूची किनार होती, माझा बाण होता आणि बाजूला हातात कुंचा घेऊन दात काढून हसणारा मी होतो. माझ्याच दुकानात मी त्याची झेरॉक्स काढली. मशीन गरम व्हायला वेळ लागत होता, तेवढा वेळ मी त्या हसऱ्या माणसाकडे बघत बसलो होतो. असा मूर्ख मी नाटकातही कधी केलेला नाही.

मामाने ते छायाचित्र बघितलं आणि दोष कुणालाच दिला नाही. फक्त जेवायचा बंद झाला. दोन घास खायचा आणि हात धुवायचा. दिवसभर विहिरीच्या कठड्यावर बसायचा आणि हट्टाने तेच खारं पाणी प्यायचा. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, बाकी मला काही सापडत नाही. मला सापडलं होतं, पण ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येण्यासारखं नव्हतं.

मग मामीने तिचं नाटक सुरू केलं.

मी एकदा पाण्याचा मोठा जार स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन गेलो होतो. मामीने त्यातलं पाणी तांब्यात घेतलं, त्यात विहिरीचं थोडं मिसळलं आणि मामाला दिलं. मामा प्यायला. थांबला. पुन्हा प्यायला.

"आज हलकं लागतंय गं."

मामीने क्षणभरही पापणी हलवली नाही. "उतरतंय हलूहलू. मी कधीची बोलते, तुमाला पटत न्हाय."

त्या दुपारी मामा दोन ताटं भात जेवला.

त्यानंतर मामीने जे केलं त्याला तोड नाही. रोज सकाळी पोहरा विहिरीत सोडायची, रहाट कुरकुरवायची, पाणी वर ओढायची आणि स्वयंपाकघरात नेऊन भांडी घासायच्या जागी ओतून टाकायची. तिथे तांदळाच्या कणगीमागे गोणपाटाखाली जार लपवलेला. त्यातून तांब्या भरायचा. सुरुवातीला निम्मं निम्मं. मग विहिरीचं पाव. मग चूळभर. मग काहीच नाही. डॉक्टर गोळी कमी कमी करत नेतो तशी तिने विहीर कमी कमी करत नेली. स्वतः मात्र तिसऱ्या दिवशी येणारं नळाचं पिवळट पाणी प्यायची. मी म्हटलं, मामी, तूही जारमधलं पी. म्हणाली, "मी प्याले तर त्यांना कमी पडंल, बाला. आनि तोंडाला लागली गोडी तर मंग रडू येईल."

मी दिवसाआड जार पोचवायचो. बंदरावरच्या सगळ्यांना माहीत होतं. रिक्षावाले माझ्या स्कूटरवरचा जार बघून मुद्दाम हॉर्न द्यायचे नि डोळा मारायचे. मासे विकणाऱ्या बायकांपैकी एकीने तर मामाच्या ओट्यावर बसून तांब्या रिकामा केला आणि "अमृत!" म्हणून ओरडली, नि जाताना मामीच्या गळ्यात पडून रडली. साडेनऊ किलोमीटरवर एका माणसाने ते गुपित फोडलं नाही. त्या राज्यमार्गाच्या हातून तेवढं एकच काम चोख झालं. आणि मला, काय सांगू, मजा यायची. असा नाट्यप्रयोग मी उभ्या जन्मात बघितला नव्हता, आणि प्रेक्षक एकच, तोही तृप्त. सोंग कधीतरी उतरवावं लागतं याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

वाचणाऱ्याने उगाच आशा बाळगू नये म्हणून आताच सांगून टाकतो: आज हे लिहितानाही मोरी बंद आहे. फाईल वर गेली आहे असं मला कळवलं आहे. किती वर, ते कळवलेलं नाही. विहिरीवर आता मामीने पत्रा टाकलाय. मामा ओट्यावर बसतो, पण विहिरीकडे पाठ करून.

तर, अकराव्या अर्जावर खात्यातून एक इंजिनीयर बाई आल्या. बारीक अंगकाठी, चिखलाचे बूट, आल्या आल्या पंचांग मागितलं आणि उधाणाच्या तारखा उतरवून घेतल्या. मी मनात म्हटलं, देवा, ही मोजणीच्या वेळी का नाही आली! त्यांनी नाला बघितला, उंचवटा बघितला, रस्त्याची कड बघितली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, नवीन काँक्रीट कापायचं म्हणजे वर कुणाला आवडणार नाही. अहवाल मला एकदाच लिहिता येईल. विहीर खराब झाली आणि तक्रारदार तक्रारीवर ठाम आहे, एवढं दिसलं तर मी लिहीन. नाहीतर फाईल बंद होईल."

मामा आतून आला. खात्याचा जुना खाकी सदरा घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून. बाईंना हात जोडले.

"बाबा, विहिरीचं पाणी कसं आहे आता?"

मामाने खाडीकडे बघितलं, मग त्या गुळगुळीत, आरशासारख्या रस्त्याकडे बघितलं. मला वाटतं तो रात्रभर याचाच विचार करत असावा. त्याचा रस्ता, पहिल्यांदाच एकही खड्डा नसलेला, आणि त्याच्याच अर्जावरून त्याला फोडायला निघालेले.

"मॅडमसाहेब," तो म्हणाला, "पानी उतरलंय. आता गोडं हाय. वरीसभर मी पितोय. माझ्यापाई रस्ता कापू नका. तक्रार मी मागं घेतो."

"नक्की?"

"पिऊन बघा की." आणि आत हाक मारली, "अगो, मॅडमसाहेबांना पानी आन!"

मामी दारात आली ती हातात भरलेला तांब्या घेऊनच. कुठून भरला ते मला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे. बाईंनी तांब्या घेतला, दोन घोट प्यायल्या, आणखी दोन प्यायल्या. उन्हातून आल्या होत्या.

"कसं हाय?" मामाने विचारलं.

"अगदी गोड आहे हो बाबा." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं आणि, मला वाटलं, थोडी सुटकाही. त्यांनी तांब्या मामाच्या हातात दिला, वही उघडली, आणि लिहिता लिहिता सरकारी सवयीने मोठ्याने वाचलं, "तक्रारदाराचे समाधान झाले असून..."

मामी ओट्यावरून खाली उतरली आणि मामाच्या तोंडासमोर उभी राहून ओरडली, "आवो, गोडं कुठलं! वरीस झालं, तुमी इकतचं पानी पिताव!"